कमी ऐकू येणारी मुले आणि गोंगाटाचा वर्ग

मा. शालेय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य, यांस



कमी ऐकू येणारे मूल शासनाच्या नजरेस आले की पुढचा रस्ता ठरलेला आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत किंवा शाळेत येते, शंका आली तर मुलाला पुढच्या तपासणीसाठी रुग्णालयात पाठवते, तिथे श्रवणतपासणी होते, टक्केवारीचा दाखला मिळतो, एखाद्या शिबिरात कानामागे लावायचे यंत्र मिळते आणि समावेशक शिक्षणाच्या धोरणानुसार मूल गावातल्या नेहमीच्या शाळेत जाऊन बसते. या साखळीतली प्रत्येक कडी मोलाची आहे आणि ती उभी करण्यात अनेकांची उमर गेली आहे. पण जिथे साखळी पूर्ण झाली असे आपण धरतो, तिथेच त्या मुलाची खरी अडचण सुरू होते. तपासणी शांत खोलीत होते, यंत्र शांत खोलीत जुळवले जाते आणि मूल मात्र रोजचे पाच-सहा तास गोंगाटात काढते. माझे म्हणणे असे आहे की वर्गखोलीतला आवाज हा त्या मुलाच्या उपचाराचाच भाग मानला पाहिजे, आणि तो भाग आरोग्य खात्याच्या नव्हे, आपल्या खात्याच्या हातात आहे. म्हणून हे पत्र आपल्याला लिहितो आहे.

श्रवणतपासणीत काय होते ते आधी पाहू. आवाजबंद खोलीत मुलाच्या कानांवर हेडफोन चढवतात. २५० पासून ८००० हर्ट्झपर्यंतचे एकेक शुद्ध स्वर हळूहळू बारीक करत ऐकवतात. स्वर ऐकू आला की मोठ्या मुलाने बटण दाबायचे, लहानाने एक मणी डब्यात टाकायचा. त्यातून ऑडिओग्राम नावाचा आलेख तयार होतो आणि कोणता स्वर ऐकू यायला किती डेसिबल लागतात ते कळते. चाचणी उत्तम आहे, पण ती एकाच प्रश्नाचे उत्तर देते: शांततेत किती हळू आवाज ऐकू येतो? चार आवाज एकदम कानावर पडत असताना त्यांतला एक वेगळा काढता येतो का, हे ती विचारतच नाही. श्रवणशास्त्रज्ञांना ही उणीव फार आधीपासून ठाऊक आहे. अमेरिकेतले रेमंड कारहार्ट आणि टॉम टिलमन यांनी १९७० मध्येच सुचवले होते की गोंगाटात बोलणे कितपत समजते हे नेहमीच्या तपासणीत पाहिले जावे. नेदरलँड्समधले रेनियर प्लॉम्प यांनी १९७८ मध्ये श्रवणदोषाचे दोन भाग मांडले. एक, आवाज क्षीण होणे. दुसरा, आवाज विस्कटणे. क्षीण आवाज मोठा करता येतो. विस्कटलेला आवाज मोठा केला तर तो मोठ्याने विस्कटलेला ऐकू येतो, इतकेच. ऑडिओग्राम पहिला भाग मोजतो, दुसऱ्याचा जेमतेम अंदाज देतो. म्हणून अगदी एकसारखा आलेख असलेली दोन मुले वर्गात वेगळी निघतात. एकाला चौथ्या बाकावरही धडा कळतो, दुसऱ्याच्या पदरात पहिल्या बाकावरही फारसे काही पडत नाही, आणि त्या दुसऱ्याला लक्ष न देणारा किंवा मंद म्हणून बाजूला टाकले जाते.

हे विस्कटणे नेमके कुठे घडते? आतल्या कानात कॉक्लिआ नावाची शंखाकार नळी असते. प्रत्येक कानात तिच्यात आतल्या बाजूच्या सुमारे ३,५०० आणि बाहेरच्या बाजूच्या सुमारे १२,००० केसपेशी असतात. आतल्या पेशी आवाजाची खबर नसेमार्फत मेंदूकडे धाडतात. बाहेरच्या पेशी हळू आवाजाला बळ देतात आणि प्रत्येक स्वराला नळीवरची त्याची नेमकी, अरुंद जागा मिळवून देतात. या बाहेरच्या पेशी निकामी झाल्या की स्वरांच्या जागा दुपटी-तिपटीने रुंदावतात आणि शेजारचे स्वर एकमेकांत मिसळू लागतात. शांततेत हे खपून जाते, कारण मिसळायला दुसरे काही नसते. पंख्याची घरघर आणि बाईंचा आवाज एकदम आला की दोन्ही त्याच रुंद जागेत घुसतात, आणि एकदा कानातच सरमिसळ झाली की पुढे मेंदूला ती सोडवता येत नाही. दुसरी गोष्ट वेळेची. लोकांच्या बोलण्याचा गलका कधीच सलग नसतो, त्यात क्षणाक्षणाच्या फटी असतात. निरोगी कान त्या फटींमधून समोरच्याच्या बोलण्याचे तुकडे टिपतो आणि मेंदू ते जोडतो. फेस्टन आणि प्लॉम्प यांनी १९९० मध्ये दाखवले की श्रवणदोष असलेल्यांना या फटींचा फायदा फारच थोडा मिळतो, कित्येकदा मिळतच नाही. शिवाय काही मुलांच्या केसपेशी शाबूत असतात, पण नसेतून जाणारे संदेश एका ठेक्यात पोहोचत नाहीत. ऑडिटरी न्यूरोपॅथी म्हणतात ती हीच. जन्मल्यावर तीव्र कावीळ झालेल्या किंवा अतिदक्षता विभागात राहिलेल्या बाळांत ती अधिक आढळते. अशा एखाद्या मुलाचा आलेख बराच बरा दिसतो, शांत घरात ते गप्पाही मारते, आणि वर्गात त्याला एक वाक्य धड कळत नाही.

इथून पुढचे काम मेंदूचे. १९५३ मध्ये कॉलिन चेरी यांनी एक साधा प्रयोग केला. दोन कानांत दोन वेगळी निवेदने ऐकवली आणि एका कानातले शब्द लगोलग म्हणून दाखवायला सांगितले. लोकांना ते सहज जमले, पण दुसऱ्या कानात काय चालले होते हे त्यांना जवळपास सांगता आले नाही. हे मेंदू कसे करतो, ते पाहायला आणखी साठ वर्षे लागली. २०१२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत निमा मेसगरानी आणि एडवर्ड चँग यांनी अपस्मारावरच्या उपचारासाठी मेंदूच्या पृष्ठभागावर विद्युतपट्ट्या बसवलेल्या रुग्णांना दोन माणसांचे बोलणे एकदम ऐकवले. श्रवणकेंद्रातल्या नोंदींवरून बोलण्याचा आराखडा उलट बांधून पाहिला, तेव्हा रुग्णाचे लक्ष ज्याच्याकडे होते त्याचेच बोलणे त्यात ठळक उमटले होते. म्हणजे निवड खरोखर मेंदूत होते. पण निवडायला दोन आवाज मुळात वेगवेगळे यावे लागतात: स्वराच्या उंचीने, दिशेने, सुरू होण्याच्या क्षणाने. कानाने तेवढा भेद पुरवला नाही तर मेंदूने लक्ष द्यायचे तरी कशाकडे? श्रवणदोष असलेल्यांच्या ईईजी नोंदींच्या काही अभ्यासांतही हेच दिसून आले आहे. दोष जितका अधिक, तितका ऐकायच्या आणि दुर्लक्ष करायच्या बोलण्यातला मेंदूतला फरक पुसट.

आता मी ज्या प्रयोगाकडे आपले विशेष लक्ष वेधू इच्छितो, तो शाळेशी थेट संबंधित आहे, जरी तो शाळेत झालेला नसला तरी. इंग्लंडमधले मानसशास्त्रज्ञ पॅट्रिक रॅबिट यांनी १९६८ मध्ये लोकांना अंकांच्या याद्या ऐकवून पाठ करायला लावल्या. काही याद्यांचा दुसरा अर्धा भाग गोंगाटात ऐकवला. गोंगाट मुद्दाम बेताचा ठेवला होता, अंक ओळखता येतच होते. तरीही या याद्यांचा पहिला अर्धा भाग, जो स्वच्छ शांततेत ऐकवला होता, तोच लोकांना कमी आठवला. कारण उघड आहे. पुढचे अंक ओळखण्यासाठी मेंदूला जी जादा मेहनत पडली, ती आधीचे अंक मनात घोळवण्याच्या वाट्यातून गेली. वर्गाच्या दृष्टीने याचा अर्थ फार गंभीर आहे. बाईंनी विचारले, ‘ऐकू आले का रे?’ आणि मुलाने प्रामाणिकपणे ‘हो’ म्हटले, तरी त्या वाक्याच्या आधीची तीन वाक्ये त्याच्या हातून निसटलेली असू शकतात. शब्द कळला, धडा गेला. अशा मुलाची दुपारनंतर थकून जी चिडचिड होते, तिला घरचे हट्ट म्हणतात आणि शाळा बेशिस्त म्हणते.

मराठी ऐकताना ही मेहनत कुठे खर्च होते तेही पाहा. आपल्या भाषेत कोणी कोणाला काय केले हे बहुतेक वेळा नामाच्या शेवटच्या अक्षरावर ठरते. ‘सुमनने विचारले’ आणि ‘सुमनला विचारले’ या दोन वाक्यांत अर्थ उलटा होतो, आणि तो उलटवणारे ‘ने’ किंवा ‘ला’ हे बोलताना सर्वांत भरकन, सर्वांत कमी जोराने निघून जाणारे अक्षर असते. ‘पळ’ आणि ‘फळ’, ‘ताट’ आणि ‘थाट’ यांत फरक आहे तो श्वासाच्या एका झुळकेचा. ‘स’, ‘श’, ‘च’, ‘त’ यांची ओळख उंच स्वरांत असते आणि बहुतेक श्रवणदोष तिथेच आधी घर करतात. मोठ्या माणसाला हुकलेले अक्षर संदर्भाने भरून काढता येते, कारण भाषा त्याच्या अंगात मुरलेली असते. दुसरीतले मूल ती भाषाच शिकत असते. भरून काढायला त्याच्याकडे साठा नसतो.

मुलाला मोठ्यांचे माप लावण्याची चूक इथूनच सुरू होते. गोंगाटातून बोलणे वेगळे काढण्याची क्षमता निरोगी मुलांतही किशोरवयापर्यंत वाढत असते. श्रवणदोष असलेल्या मुलांसाठी शिक्षकाचा आवाज मागच्या गोंगाटापेक्षा निदान १५ डेसिबल वर असावा, असे श्रवणतज्ज्ञ सांगत आले आहेत. आणि दोष फार मोठा असावा लागतो असेही नाही. अमेरिकेत फ्रेड बेस आणि अ‍ॅन मेरी थार्प यांनी १९८० च्या दशकात एकाच कानाने ऐकणाऱ्या मुलांचा अभ्यास केला. दुसरा कान पूर्ण चांगला, त्यामुळे सगळ्यांचा समज असा की काही अडणार नाही. त्यांतली सुमारे ३५ टक्के मुले किमान एकदा एकाच इयत्तेत राहिली होती. एका कानाला आवाजाची दिशा नीट लावता येत नाही आणि दिशा नसली की गोंगाटातून माणूस वेगळा काढणे कठीण होते. आपला २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा मात्र दोन्ही कानांत ६० डेसिबल तोटा झाल्याशिवाय मुलाला कमी ऐकू येणारे म्हणत नाही. कायद्याची ही रेषा लाभ कोणाला द्यायचे यासाठी आखलेली आहे, हे मला मान्य आहे. तीच रेषा शाळेने अडचणीची रेषा मानली, की एका कानाची मुले, सतत कान वाहणारी मुले, चाळीस-पन्नास डेसिबलच्या तोट्याची मुले कुठल्याच यादीत येत नाहीत. वर्गात ती असतातच.

मग वर्गात प्रत्यक्षात काय घडते? शिक्षकाचा नेहमीचा आवाज एक मीटरवर साधारण ६५ डेसिबल धरू. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की सरळ येणारा आवाज ६ डेसिबलने उतरतो. दोन मीटरवर ५९, चार मीटरवर ५३. मुलांनी भरलेल्या, पंखे चालू असलेल्या, रस्त्यालगतच्या वर्गात ५५ ते ६० डेसिबलचा आवाज सहज असतो. म्हणजे तिसऱ्या-चौथ्या ओळीत शिक्षकाचा आवाज गोंगाटाच्या वर १५ डेसिबल राहण्याऐवजी त्याच्या खाली जातो. आणि वाक्य समजण्याच्या उंबरठ्यापाशी एकेका डेसिबलने दहा टक्क्यांहून अधिक फरक पडतो, हे लक्षात घेतले की दोन बाकांचे अंतर किती महत्त्वाचे ते कळते. लहान गावांतल्या द्विशिक्षकी शाळांचा प्रश्न तर याहून अवघड आहे. एकाच खोलीत दोन इयत्ता बसतात. एका बाजूला पहिलीची मुले एका सुरात पाढे म्हणत असतात आणि दुसऱ्या बाजूला दुसरीला कविता शिकवली जात असते. सर्व गोंगाटांत मेंदूला सर्वांत जड जातो तो दुसऱ्या माणसांच्या बोलण्याचा गोंगाट, कारण त्यात शब्द असतात आणि शब्द लक्ष ओढून घेतात. त्या शाळांतल्या शिक्षकांना मी जराही दोष देत नाही. एकट्याने दोन वर्ग सांभाळणे हीच मोठी कामगिरी आहे. दोष आहे तो अशा खोलीत श्रवणयंत्र लावलेले मूल बसवून काम झाले असे मानण्यात.

अंतर आणि गोंगाट यांच्या जोडीला तिसरी गोष्ट आहे, तिच्याकडे आपल्याकडे कोणाचेच लक्ष नाही: घुमणे. १८९५ मध्ये हार्वर्ड विद्यापीठाच्या नव्या व्याख्यानगृहात वक्त्याचे बोलणे कोणालाच कळेना, तेव्हा वॉलेस सॅबिन या तरुण प्राध्यापकाला ते निस्तरायला सांगितले गेले. त्याने शेजारच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या रात्री उचलून आणल्या, त्या किती ठेवल्या की आवाज किती लवकर विरतो हे मोजले, आणि त्यातून आजही वापरात असलेले सूत्र निघाले. ते सूत्र आपल्याकडच्या एका साध्या खोलीला लावून पाहू. सात मीटर लांब, सहा मीटर रुंद, तीन मीटर उंच. सिमेंटच्या भिंती, वर स्लॅब, खाली फरशी, आत ३० मुले. खिडक्या बंद असतील तर आवाज विरायला साधारण दीड सेकंद लागतो. बोलताना सेकंदाला चार-पाच अक्षरे निघतात, म्हणजे एका अक्षराचे शेपूट पुढच्या कित्येक अक्षरांवर पसरते. जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ च्या मार्गदर्शनात वर्गासाठी ०.६ सेकंद आणि मागचा आवाज ३५ डेसिबल ही पातळी सांगितली आहे. आता त्याच खोलीच्या छताला वुडवूल किंवा काथ्यासारख्या सच्छिद्र साहित्याची पॅनेल लावली, तर हिशोब अर्ध्या सेकंदाच्या आसपास येतो. बाकी काहीही न बदलता. खिडक्या उघडल्या तर घुमणे कमी होते हे खरे, पण त्याच वाटेने रस्ता आत येतो. हौसेने थर्माकोल किंवा अंड्यांचे ट्रे चिकटवण्याचा प्रकार काही ठिकाणी चालतो. त्याने बोलण्याचा आवाज फारसा शोषला जात नाही आणि आगीचा धोका मात्र वाढतो.

वर्ग शांत केल्याने शिकण्यात खरोखर फरक पडतो का, असा प्रश्न विचारणे रास्त आहे. याचे सर्वांत बोलके उत्तर न्यूयॉर्कच्या मॅनहॅटनमधल्या पब्लिक स्कूल ९८ ने दिले. शाळेच्या एका बाजूने उन्नत रेल्वे जात होती. आर्लीन ब्रॉन्झाफ्ट आणि डेनिस मॅकार्थी यांनी १९७५ मध्ये दाखवले की रेल्वेकडच्या वर्गांतली मुले वाचनात शांत बाजूच्या मुलांपेक्षा मागे होती, आणि सहावीपर्यंत हे अंतर जवळजवळ वर्षभराचे झाले होते. पुढे रुळांखाली रबराच्या गाद्या घातल्या गेल्या, वर्गांना आवाज शोषणारी छते बसवली गेली. ब्रॉन्झाफ्ट यांनी पुन्हा मोजले, १९८१ मध्ये ते प्रसिद्ध केले, आणि दोन्ही बाजूंची मुले बरोबरीला आली होती. आणि ही मुले चांगले ऐकू येणारी होती. ज्यांचा कान आधीच आवाज विस्कटतो, त्यांच्यासाठी हा फरक किती मोठा असेल याचा अंदाज कोणालाही करता येईल.

आता आक्षेपांकडे येतो. पहिला आक्षेप असा की आजची डिजिटल श्रवणयंत्रे गोंगाट गाळतात, मग खोलीची चिंता कशाला? यंत्रे पूर्वीपेक्षा खूप चांगली झाली आहेत आणि समोरचा आवाज जास्त घेणाऱ्या दिशादर्शी मायक्रोफोनचा खरा उपयोग होतो. पण यंत्रातले गोंगाट कमी करणारे गणित बहुतेक वेळा ऐकणे सुसह्य करते, समजणे मात्र त्या मानाने वाढवत नाही. वर्गातला गोंगाट म्हणजे मुख्यतः बोलणेच असते, आणि कोणते बोलणे हवे आहे हे यंत्राला कसे कळणार? घुमून आलेला आवाज तर शिक्षकाचाच असतो. श्रवणनसेला थेट विद्युतसंकेत देणाऱ्या कॉक्लिअर इम्प्लांटच्या बाबतीत हे आणखी खरे आहे, कारण तिथे हजारो केसपेशींचे काम दहा-वीस विद्युतअग्रांवर चालते. शस्त्रक्रियेवर शासन लाखो रुपये खर्च करते आणि मग ते मूल घुमणाऱ्या खोलीत बसवते. यंत्राने जे खरेच साधते ते दूरस्थ मायक्रोफोनने. शिक्षकाच्या गळ्यात छोटा माइक, त्याचा आवाज थेट मुलाच्या यंत्रात. अंतराचा आणि घुमण्याचा प्रश्न एका झटक्यात बराच सुटतो. पण तो माइक रोज चार्ज करायला, गळ्यात घालायला आणि दुसऱ्या मुलाने उत्तर देताना त्याच्याकडे द्यायला वर्गात कोणीतरी शिकवलेले माणूस लागते.

दुसरा आक्षेप पैशाचा, आणि तो मी हलक्यात घेत नाही. जिथे छप्पर गळते, मुलींच्या स्वच्छतागृहाला दार नाही, तिथे आवाज शोषणाऱ्या पॅनेलची गोष्ट करणे काहींना चैन वाटेल. म्हणून क्रम लावला पाहिजे. काही उपाय फुकट आहेत. विल्यम सम्बी आणि अर्विन पोलॅक यांनी १९५४ मध्येच दाखवले की गोंगाट जितका जास्त, तितका बोलणाऱ्याचे ओठ दिसण्याचा आधार मोठा. तेव्हा फळ्याकडे तोंड करून बोलायचे नाही, उजेडाची खिडकी पाठीशी घेऊन उभे राहायचे नाही, मूल शिक्षकापासून दोन मीटरच्या आत आणि रस्त्याच्या खिडकीपासून दूर बसवायचे, सूचना देण्याआधी एक क्षण वर्ग शांत करायचा. खडखडणाऱ्या पंख्याची बेअरिंग बदलणे किंवा बाकांच्या पायांना रबर लावणे हे शाळेच्या किरकोळ खर्चात बसते. छताचा खर्च फक्त त्या खोल्यांवर करायचा जिथे कमी ऐकू येणारे मूल बसते, आणि नव्या खोल्या बांधताना तो आराखड्यातच धरायचा. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात शाळेची इमारत कशी असावी याचे निकष आहेत: प्रत्येक शिक्षकाला खोली, अडथळ्याविना प्रवेश, पाणी, स्वच्छतागृहे, कुंपण. ऐकू येण्याचा त्यात उल्लेख नाही. चाकाच्या खुर्चीतल्या मुलासाठी आपण उतार बांधतो आणि तो बांधलाच पाहिजे. कमी ऐकू येणाऱ्या मुलाच्या मार्गातला अडथळा डोळ्यांना दिसत नाही, म्हणून तो निकषांच्या बाहेर राहिला आहे.

तिसरा आक्षेप मला सर्वांत चुकीचा वाटतो, आणि तो सर्वांत जास्त ऐकू येतो: जग गोंगाटाचेच आहे, मुलांना सवय होऊ द्या. सवय होते ती आवाजाचा त्रास न वाटण्याची. मेलेल्या केसपेशी सवयीने परत येत नाहीत आणि ऐकू न आलेला शब्द सवयीने शिकला जात नाही. गोंगाटात ऐकण्याचा सराव देता येतो, पण तो श्रवणतज्ज्ञाच्या देखरेखीखाली, पायरीपायरीने. गणिताच्या तासाला तो आपोआप होत नाही. इथे एक गोष्ट स्पष्ट करतो. जी मुले भारतीय सांकेतिक भाषेत शिकतात, त्यांचा तिच्यावरचा हक्क स्वतंत्र आणि पूर्ण आहे. उरलेल्या श्रवणाचा आधार घेऊन शिकणाऱ्या मुलांविषयी मी लिहितो आहे, आणि एकाची सोय दाखवून दुसऱ्याची टाळली जाऊ नये.

गोंगाटाने निरोगी कानांचीही न दिसणारी हानी होते, असा याहून मोठा दावा काही जण करतात. तो मी इथे जाणीवपूर्वक करत नाही. २००९ मध्ये शॅरन कुजावा आणि चार्ल्स लिबरमन यांनी उंदरांवर दाखवले की मोठ्या आवाजानंतर ऐकण्याची पातळी पूर्ववत झाली तरी केसपेशी आणि नस यांच्यातले निम्म्यापर्यंत सांधे कायमचे गेलेले असतात. माणसांत असे किती घडते यावर शास्त्रज्ञांत अजून एकमत नाही. माझा मुद्दा त्यावर उभा नाही. तो ज्यांचा दोष मोजला गेला आहे, ज्यांच्या हाती दाखला किंवा यंत्र आहे, आणि जी आजच आपल्या वर्गांत बसलेली आहेत, त्या मुलांपुरता पुरेसा भक्कम आहे.

माझ्या मागण्या त्यामुळे मोजक्याच आहेत. आरोग्य खात्याशी बोलून प्रत्येक श्रवणयंत्रधारक मुलाची गोंगाटातल्या बोलण्याची चाचणी वर्षातून एकदा व्हावी, आणि तिचा निकाल शाळेला समजेल अशा शब्दांत मिळावा: किती मीटरपर्यंत, किती आवाजात. ही चाचणी दुसऱ्या भाषेतून उचलून चालत नाही. शब्द मुलाच्या रोजच्या कानावरचे हवेत, आणि अहिराणी किंवा वऱ्हाडी घरातल्या मुलाला पुण्याच्या पुस्तकी यादीवर जोखणे अन्यायाचे ठरेल. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग यांच्या नावाची वाक् व श्रवण दिव्यांगांसाठीची राष्ट्रीय संस्था १९८३ पासून उभी आहे. या कामाला लागणारे तज्ज्ञ आपल्या दारात आहेत. शाळेच्या परिसरासाठी २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांत किमान १०० मीटरचे शांतता क्षेत्र जाहीर करण्याची तरतूद आणि अशा क्षेत्रात दिवसा ५० डेसिबलची मर्यादा आहे. ती पाळली गेली तर उघड्या खिडकीतूनही आत चाळीसच्या आसपासच आवाज येईल. त्यासाठी मुख्याध्यापकाने पोलीस ठाण्यात एकट्याने खेटे घालू नयेत, तक्रार खात्याच्या नावाने जावी. आणि शाळांच्या दुरुस्तीची अंदाजपत्रके उन्हाळ्याच्या सुट्टीआधी तयार होतात, तेव्हा ज्या शाळेच्या पटावर श्रवणदोष असलेले मूल आहे, तिथल्या एका खोलीच्या छताचे काम त्या अंदाजपत्रकात घालावे, आणि जूनमध्ये शाळा उघडताना ते मूल त्याच खोलीत बसेल याची जबाबदारी केंद्रप्रमुखावर लेखी सोपवावी.

कळावे,

आपला,
महाराष्ट्राचा एक नागरिक